दोंगझाओ: साल कापल्यावरच धरणारं बोर

चीनमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात नकली बोरं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कच्ची हिरवी बोरं सॅकरीन घातलेल्या गरम पाण्यात बुडवायची. साल तांबूस होते, जिभेला गोड लागतं आणि माल दोंगझाओ म्हणून खपतो. कारण उघड्या रानातलं दोंगझाओ, म्हणजे 'हिवाळी बोर', पिकायला ऑक्टोबर उजाडतो. (शान्शी प्रांतातल्या दालीत प्लास्टिकखाली ते जूनमध्येही काढतात, तेव्हा नुसता महिना पाहून पारख होत नाही.)

हा वाण बोहाय समुद्राकाठच्या खारवट जमिनीतला: हेबेईतलं हुआंगहुआ आणि शांतुंगमधलं झानहुआ. हुआंगहुआच्या जुगुआन गावात शेकडो वर्षांची झाडं अजून फळतात. कलम बांधतात रानटी आंबट बोराच्या खुंटावर. आपल्या बोराची प्रजाती वेगळी. दोंगझाओचं झाड थंडीत पानं झाडून उणे २० अंशही सोसतं.

याची खरी अडचण फळधारणेची. आंबा-सफरचंदाची कळी फुलण्याआधी कितीतरी दिवस तयार असते. इथे कोंब, पानं, कळ्या आणि फुलं एकाच हंगामात, एकमेकांच्या तोंडचा घास ओढत येतात. फुलं अमाप, टिकणारी फळं शेकडा एक-दोन. शिवाय पानांनी केलेल्या साखरेतला मोठा वाटा सालीतून खाली मुळांकडे जातो.

म्हणून फुलोरा ऐन भरात असताना खोडाची खडबडीत साल खरवडून ४-६ मिमी रुंदीचं कडं लाकडापर्यंत काढतात. लाकडाला मात्र सुरी लागता कामा नये; पाणी त्यातूनच वर चढतं. साखरेची खालची वाट बंद झाली की ती फुलांच्या वाट्याला येते. महिन्याभरात नवी साल धरते. पुढच्या वर्षीचं कडं थोडं वर घेतात.

कडं अरुंद झालं तर लवकर भरतं आणि कोवळी फळं गळतात. फार रुंद झालं तर भरतच नाही. मुळं उपाशी, पानं पिवळी, शेवटी झाड जातं. जखमेतली कोवळी साल खाणारी अळीही घात करते, म्हणून कीटकनाशकाचा लेप द्यावा लागतो. कड्याखाली एखादी फांदी राखली तर मुळांना तेवढाच आधार. नाशिकचे द्राक्षबागायतदार हेच गर्डलिंग मण्यांच्या फुगवणीसाठी करतात.

'लाल बोर खा, रक्त वाढेल' हा मात्र निव्वळ रंगाचा महिमा. सुकवलेल्या बोरातही १०० ग्रॅममागे लोह जेमतेम २ मिलिग्रॅम. ताज्या दोंगझाओत क जीवनसत्त्व मात्र २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. ते ताजंच खायचं. पातळ सालीचं, रसाळ फळ सुकवायला निकामी.

साठवताना निम्मी लाली आलेलीच फळं निवडतात, कारण पूर्ण लाल फळ लवकर मऊ पडतं. तापमान उणे १ ते उणे २ अंश. भरपूर साखरेमुळे फळ गोठत नाही. पण खोलीतला कार्बन डायऑक्साइड २ टक्क्यांवर चढू द्यायचा नाही, नाहीतर गर आतून तपकिरी होतो आणि फळाला दारूचा वास येतो.