बॅन्जो मूळचा कोणाचा?

बॅन्जो हे अमेरिकेतील गोऱ्या डोंगरी लोकांचे वाद्य आहे, असा समज फार जुना आहे. (आपल्या मिरवणुकीतला कळांचा बॅन्जो वेगळा, तो बुलबुलतरंगाच्या जातीचा.) गोऱ्या वादकांनी ते रंगमंचावर लोकप्रिय केले ते १८३० नंतर, मात्र १७०७ साली छापलेल्या जमैकाविषयीच्या एका प्रवासग्रंथात आफ्रिकी गुलामांच्या तंतुवाद्यांचे चित्र आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या, दक्षिण कॅरोलायनातील एका जलरंगचित्रात तर कृष्णवर्णीय वादकाच्या हाती चामडे मढवलेला भोपळा, लांब दांडी आणि अंगठ्याने छेडायची आखूड तार स्पष्ट दिसते. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल-गाम्बियातील जोला समाजाच्या ‘अकोंटिंग’ या तंतुवाद्याची ठेवणही अशीच असून, त्याचे चित्र या जलरंगचित्राशेजारी ठेवल्यास हे साम्य कोणालाही पडताळता येते. समज रुजण्याला कारणही होते: १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगवेगळ्या याद्यांतून विकल्या गेल्या आणि बॅन्जो मुख्यतः पहिल्या यादीत ऐकू येऊ लागला.