विमान ‘स्टॉल’ झाले म्हणजे इंजिन बंद पडले असे नव्हे

उड्डाणानंतर लगेच एखादे छोटे विमान कोसळले की ‘विमान स्टॉल झाले, म्हणजे हवेतच इंजिन बंद पडले’ असे वाक्य कोठेतरी हमखास वाचायला मिळते. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षण विमान पडले (तो अपघात उड्डाणानंतर लगेचचा नव्हता), तेव्हाही टपरीवर हाच अर्थ चहाबरोबर फिरत होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

इंजिन बंद पडणे खानदेशात कोणाला समजावून सांगायला नको. कपाशीची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर काळ्या मातीत रुतून, गचका देऊन थांबतो, तेच ते.

विमानाचा स्टॉल मात्र पंखाचा असतो. धावत्या जीपच्या खिडकीतून तळहात आडवा धरून पुढची कड हळूहळू उचलावी. आधी हात वर उचलला जातो; कड फार उंचावली की तो नुसता मागे ढकलला जातो. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन साधारण १५-१६ अंशांपुढे गेला की पंखावरचा प्रवाह असाच विस्कटतो व उचल ढासळते. त्या वेळी इंजिन पूर्ण जोराने गरजत असू शकते. उलट, इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही. सेसना १७२ सारखे छोटे, एका इंजिनाचे विमान ३०० फुटांवरूनही नाक खाली ठेवून सरळ ८०० मीटरच्या आसपास तरंगत जाते.

घोटाळा होतो तो एक गोष्ट दुसरीला बोलावते म्हणून. चढताना इंजिन थांबले की नाक वरच राहते, वेग झपाट्याने उतरतो, आणि वैमानिकाला मागे सोडलेली धावपट्टी खुणावू लागते. मागे फिरायचे तर अर्धे वळण पुरत नाही, कारण ते पूर्ण होईपर्यंत विमान धावपट्टीच्या रेषेबाहेर गेलेले असते. उड्डाण वाऱ्याच्या तोंडाला केलेले असल्याने आता वारा पाठीशी येतो, जमीन भरभर मागे पळते आणि हवेतला वेग पुरेसा असल्याचा भास होतो. त्यात उंची राखत ६० अंश कलून वळायचे तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. एका पंखाची उचल आधी सुटते, विमान गिरकी घेते, आणि ते सावरण्याइतकी उंची खाली उरलेली नसते. म्हणून कमी उंचीवर समोर हरभरा काढलेले मोकळे रान दिसत असेल, तर तेथेच उतरावे, असे माझे ठाम मत आहे. समोर केळीची बाग असली तरी मी मागे फिरण्यापेक्षा तीच पत्करीन.

मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात हवा विरळ होऊन इंजिन व पंख दोन्ही कमी काम देतात, पण त्यामुळे दोन्ही शब्द एक होत नाहीत.

‘विमान हवेत बंद पडले’ ही शब्दयोजना मला सर्वांत खटकते. गावकरी ‘शेवटपर्यंत आवाज येत होता’ असे सांगत असतात आणि त्याच मजकुराच्या मथळ्यात इंजिन बंद पडलेले असते. तपास करणारे आधी इंजिन फिरवते त्या पुढच्या पंख्याची (प्रोपेलरची) पाती पाहतात: आदळताना इंजिन जोरात चालू असेल तर पाती पिळवटलेली, पुढे वाकलेली सापडतात, थांबलेले असेल तर एखादे पाते मागे दुमडलेले आणि दुसरे जवळजवळ सरळ.