रबरी वेटबेल्ट खोलात ढिला का पडत नाही

घरी डायव्हिंगचा वेटबेल्ट (पाण्यात खाली जाता यावं म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधायचा पट्टा) बनवायचा म्हटलं की सगळी चर्चा शिशावर होते, किती किलो लावायचं वगैरे, आणि पट्टा काय, कुठलाही चालतो म्हणून विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही. श्वास रोखून खाली जाणाऱ्याला पट्टा कशाचा आहे यानेच सगळा फरक पडतो आणि त्यासाठी रबरच हवं.

का ते बघा. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट. बॉइलचा नियम शाळेत झालाय, दाब दुप्पट की हवेचं आकारमान निम्मं. वेटसूट म्हणजे पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायचा अंगाला चिकटणारा पोशाख, त्याच्या निओप्रीनमध्ये (फेसाळ कृत्रिम रबर) बारीक बुडबुडे कोंडलेले असतात ते दबतात आणि ५ मिमीचा सूट अडीचच्या आसपास येतो (थोडा जास्तच राहतो, पण हिशेबाला अडीच धरू). त्रिज्या अडीच मिमीने घटली म्हणजे कमरेचा घेर २ × ३.१४ × २.५, जवळजवळ १६ मिमीने घटला. शिवाय पोट आत जातं ते वेगळंच. नायलॉनचा पट्टा वर कितीही आवळा, खाली दीड सेंटीमीटर ढिला होतो आणि डोकं खाली असल्यामुळे शिसं सरकत छातीकडे येतं.

आता ९० सेमी घेराला ७२ सेमीचा रबरी पट्टा ताणून लावला तर तो १८ सेमी ताणलेला आहे. त्यातले १.६ सेमी गेले तरी १६.४ शिल्लक, आवळ दहा टक्केसुद्धा कमी होत नाही!

आणि रबर परत का ओढतं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. स्टीलची स्प्रिंग ताणली की अणूंमधले बंध ताणले जातात. रबरात तसं जवळजवळ होत नाही. त्यात लांबच लांब रेणूसाखळ्या गुंतलेल्या दोऱ्यासारख्या पडलेल्या असतात आणि गंधकाने मधूनमधून एकमेकींना जोडलेल्या असतात (हे व्हल्कनायझेशन, चार्ल्स गुडइयर, १८३९). ताण दिला की साखळ्या सरळ होतात, पण सरळ राहायचे प्रकार मोजके आणि वेडंवाकडं राहायचे असंख्य, त्यामुळे उष्णतेने सतत वळवळणारी साखळी आपोआप गुंत्याकडे परत जाते, म्हणजे ही ओढ एन्ट्रॉपीची (गुंता, अव्यवस्था वाढण्याच्या कलाची) आहे. म्हणूनच वजन टांगलेली रबराची पट्टी गरम केली की लांबायच्या ऐवजी आखडते. जॉन गॉफ या अंध अभ्यासकाने १८०५ मध्ये ताणलेलं रबर ओठांना लावून ते गरम होतं हे टिपलं होतं, पुढे भौतिकशास्त्रज्ञ जूलने ते मोजलं. सूत्रच हवं तर, ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी, त्यातून याच गुणोत्तराच्या वर्गाचा व्यस्त वजा करा, मग निरपेक्ष तापमानाने गुणा, ओढ त्या प्रमाणात. पाणी ३० वरून १५ अंशांवर गेलं तर ३०३ चे २८८ केल्व्हिन, पाचच टक्के फरक, पट्ट्याला काही होत नाही.

जाता जाता, पाण्यातलं कोणीतरी खाली ओढतं असं अजूनही सांगतात. ओढणारं कोणी नसतं. ठरावीक खोलीखाली फुप्फुसं आणि सूट इतके दबतात की उत्प्लावन (पाण्याचा वर ढकलणारा जोर) वजनापेक्षा कमी पडतं आणि शरीर आपोआप बुडायला लागतं. म्हणून जास्त शिसं लावणं ही बहादुरी नाही, जीव जातो त्याने.

बनवताना ४-५ मिमी जाड, ५ सेमी रुंद नैसर्गिक रबराची पट्टी घ्या. जुन्या ट्यूबचं ब्युटाइल रबर उन्हात जास्त टिकतं पण परत यायला आळशी असतं. कड धारदार ब्लेडने एका दमात कापा, खाच राहिली की सगळा ताण तिच्या टोकाशी गोळा होतो आणि पट्टी तिथूनच फाटते, म्हणून बकलची भोकंही गोल पंचने पाडायची, चीर द्यायची नाही. रबर ताणलं की अरुंद होतं, २५ टक्के ताणावर ५० मिमीची पट्टी ४५ ची होते, त्यामुळे टेबलावर घट्ट बसलेलं वजन कमरेवर हलतं. वजनाची खाच ४५ ला घट्ट होईल अशी बघा आणि साबणाचं पाणी लावून ओवा. शिसं घरी वितळवू नका, त्याची वाफ आणि धूळ विषारी असते, तयार ओतलेलीच वजनं घ्या. पट्टा पोटावर नाही, कमरेखाली दोन्ही बाजूंना लागणाऱ्या हाडांवर बसला पाहिजे म्हणजे श्वास घेताना आड येत नाही. बकल एका हाताने, एका झटक्यात सुटलंच पाहिजे, ते आधी उथळ पाण्यात सोबत्यासमोर डोळे मिटून करून बघा, एकदा उजव्या हाताने आणि एकदा डाव्या.