आरोग्यातील भ्रष्टाचारावरील शोधपत्रकारितेचे अर्थसाहाय्य (मराठवाडा)

सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी, यंत्रसामग्री, बांधकाम, कंत्राटी भरती आणि विमा योजनांचे दावे यांतील गैरव्यवहार कागदपत्रांच्या आधारे उघड करणाऱ्या वार्तांकनाला लागणारा पैसा, तो देणारे स्रोत आणि त्याबरोबर येणाऱ्या अटी यांचा विचार या नोंदीत केला आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत अशा एका बातमीला लागणारी रक्कम फारशी मोठी नसते. खरी अडचण वेगळी आहे : जिल्हा पातळीवरचे वृत्तपत्र ज्यांच्या जाहिरातींवर चालते, बहुतेकदा त्यांच्याच टेबलावरची फाईल बातमीसाठी उघडावी लागते.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात या विषयाचा दाखला म्हणून आजही १९८६ चे जे. जे. रुग्णालय प्रकरण सांगितले जाते. डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाची भेसळ असलेले ग्लिसरॉल दिल्याने मुंबईत १४ रुग्ण दगावले. न्या. बख्तावर लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषधखरेदी आणि अन्न व औषध प्रशासन यांतले साटेलोटे बाहेर आले आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

मराठवाड्यात सरकारी दवाखान्यावरची भिस्त मोठी आहे. छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचे विष्णुपुरी येथील रुग्णालय आणि लातूरचे रुग्णालय यांच्याकडे आसपासच्या तालुक्यांतला ‘पुढे पाठवलेला’ रुग्ण येतो. विष्णुपुरीच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रांतील बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा नव्हता असे प्रशासनाचे म्हणणे होते. त्यानंतर काही दिवस राज्यभर औषधखरेदीवर बरेच लिहिले गेले : २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन या राज्य शासनाच्या औषधनिर्मिती महामंडळाकडे एकवटली, पुढे २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला आणि मधल्या काळात रुग्णालये स्थानिक खरेदीवर दिवस ढकलत राहिली. यातले बरेचसे शासन निर्णयांच्या रूपाने आधीपासून उपलब्ध होते. ते वाचायला कोणाला सवड, म्हणजे पगारी वेळ, दिलेली नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविक गोळ्या बनावट असल्याचे तपासणीत आढळले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पुरवठादारांची साखळी जिल्ह्याबाहेर पसरलेली होती. असा माग काढायचा तर बीडच्या वार्ताहराला दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन राहावे लागते आणि तो खर्च तालुका प्रतिनिधीच्या मानधनात कधीच बसत नाही.

स्थानिक अर्थकारण : मराठवाड्यातील जिल्हा दैनिकांचे उत्पन्न विक्रीपेक्षा जाहिरातींवर अवलंबून असते. या जाहिराती प्रामुख्याने चार प्रकारच्या : शासनाच्या यादीवरील वृत्तपत्रांना मिळणाऱ्या दर्शनी जाहिराती, जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या ई-निविदा सूचना, नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या आणि खासगी रुग्णालये, शिकवण्या, पतसंस्था यांच्या जाहिराती. औषध वा यंत्रखरेदीची निविदा काढणारे कार्यालय आणि जाहिरातीचे बिल मंजूर करणारे कार्यालय पुष्कळदा एकच असते. जिल्हा नियोजन समितीतून आरोग्यासाठी निधी मिळतो, समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि वाढदिवसाच्या पुरवणीत पहिल्या पानावर फोटोही त्यांचाच असतो. फोन करून बातमी थांबवावी लागते असे नाही, ती मुळात लिहिलीच जात नाही.

तालुका प्रतिनिधीचे तर आणखी अवघड. अनेक ठिकाणी त्याला नेमणूकपत्र नसते, मानधन नाममात्र असते आणि खरी कमाई जाहिरातीवरील कमिशनची. त्याच्याच ओळखीचा वैद्यकीय अधिकारी किंवा कंत्राटदार त्याचा जाहिरातदार असतो. अशा माणसाने भ्रष्टाचार उघड करावा ही अपेक्षा शहरातल्या चर्चासत्रांत फार सहज केली जाते. उलट बाजूही लपवण्यासारखी नाही : माहिती अधिकाराचा अर्ज टाकून नंतर ‘मिटवून घेणारे’ काही जण या क्षेत्रात आहेत आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडेही कार्यालये संशयाने पाहतात.

खर्चाचे स्वरूप : माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये आणि प्रतीला पानामागे २ रुपये लागतात. राज्यात पहिल्या व दुसऱ्या अपिलाचे शुल्क प्रत्येकी २० रुपये आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढे जाते आणि तिथे लागणारा काळ हाच मुख्य खर्च ठरतो. मागणीपत्र, दरकरार (आधी ठरलेल्या दराने खरेदीचा करार), पुरवठा आदेश, साठा नोंदवही, तपासणी अहवाल आणि देयक हे सहा कागद एकमेकांशी ताडून पाहिले की घोटाळा बहुधा दिसतोच. पण ते सगळे एकाच कार्यालयात सापडत नाहीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती विहित शुल्क भरून स्वतः विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. वार्ताहर ही तरतूद क्वचितच वापरतात.

बातमी छापून आल्यावरचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो. बदनामीचा फौजदारी दावा (पूर्वी भारतीय दंड संहिता कलम ४९९-५००, आता भारतीय न्याय संहिता कलम ३५६) तालुका न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. वकिलाची फी आणि तारखांच्या दिवशी बुडालेला रोजगार हे दोन्ही वार्ताहराच्याच माथी येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या पत्रकार संरक्षण कायद्यात हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. दाव्यांच्या जाचावर मात्र त्यात उपाय नाही.

बाहेरून येणारा निधी : बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय एप्रिल २०१९ मध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’ या इंग्रजी अर्थविषयक दैनिकातील वृत्तान्ताने देशभर गेला. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. शस्त्रक्रिया बहुतांशी खासगी दवाखान्यांतल्या, पण त्यामागे गावपातळीवर सरकारी स्त्रीरोग उपचार नसणे हेही कारण होते.

अनुदानाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण ‘पारी’ या ग्रामीण वार्तांकनाच्या संकेतस्थळावर दिसते. पार्थ एम. एन. यांनी बीड आणि तेव्हाचे उस्मानाबाद या भागांतून केलेल्या वृत्तान्तांपैकी अनेकांखाली टीप आहे की, सार्वजनिक आरोग्यावरील हे काम ठाकूर फॅमिली फाउंडेशनच्या स्वतंत्र पत्रकारिता अनुदानातून झाले असून मजकुरावर संस्थेचे नियंत्रण नाही. हे फाउंडेशन रॅनबॅक्सीतील खोट्या चाचणी अहवालांचे प्रकरण बाहेर काढणारे दिनेश ठाकूर यांचे. त्या प्रकरणात कंपनीने २०१३ मध्ये अमेरिकेत ५० कोटी डॉलर भरले आणि ठाकूर यांना कायद्याप्रमाणे त्यातला वाटा मिळाला. औषध कंपनीच्या लबाडीतून वसूल झालेल्या पैशाची वाट अशी दुष्काळी पट्ट्यातल्या आरोग्यवार्तांकनापर्यंत आली. देणाऱ्याचे नाव आणि नियंत्रण नसल्याचे वचन मजकुराखालीच छापणे ही पद्धत मराठी वृत्तपत्रांनीही उचलण्यासारखी आहे.

भारतीय देणगीदारांच्या पैशावर चालणारे ‘इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन’ २०१५ पासून बेंगळुरूहून काम करते. पत्रकारांसाठीच्या आरोग्यविषयक पाठ्यवृत्त्या (फेलोशिप) बहुधा क्षयरोग, कुपोषण, मातामृत्यू अशा विषयांवर मिळतात. निविदा किंवा दरकरार हा विषय कोणत्याही पाठ्यवृत्तीच्या जाहिरातीत सहसा आढळत नाही, आणि मराठीतून अर्ज करण्याची सोयही थोड्याच ठिकाणी असते.

पैशाशिवायचा एक आधार लोकाधारित देखरेखीतून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच ठेवलेल्या देखरेखीतून, मिळाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली ही प्रक्रिया २००७ मध्ये राज्यातील पाच जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत उस्मानाबाद होते. जनसुनवाईत लोक औषधे बाहेरून आणायला लावणे, प्रसूतीसाठी पैसे मागणे अशा तक्रारी अधिकाऱ्यांसमोर नावानिशी मांडत. वार्ताहराला तिथे आयती कागदपत्रे आणि बोलायला तयार साक्षीदार मिळत.

कायदेशीर मर्यादा : परकीय योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, संपादक, मालक तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वृत्त देणाऱ्या कंपन्यांना परदेशी देणगी घेता येत नाही. देशी देणगीवर विसंबणाऱ्यांना करसवलतीचा दर्जा लागतो. वाचकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’चा विनानफा दर्जा आयकर विभागाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ ने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद केला आहे. कंत्राटी भरतीच्या गुणवत्तायाद्या, हजेरीपत्रके किंवा विमा दाव्यांतील नावे मागणाऱ्या अर्जांवर त्याचा थेट परिणाम होतो.