स्नानसंस्कार (उत्तर कोकणातील कॅथलिक धर्मग्रामांत)

स्नानसंस्कार म्हणजेच बाप्तिस्मा. कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी हा पहिला. तो झाल्याखेरीज बाकीचे सहा घेता येत नाहीत आणि एकदा झाला की दुसऱ्यांदा होत नाही. ‘बाप्तिस्मा’ हा मूळचा ग्रीक शब्द मराठी बायबलने सर्वत्र नेला. वसईकडच्या कॅथलिकांत मात्र ‘स्नानसंस्कार’ रुळला आहे. शब्द चांगला आहे, पण अर्धेच सांगतो. पाणी तीनदा ओतून होते तेवढ्यात मूल एका धर्मग्रामाचे (पॅरिशचे, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीचे) होऊन जाते. ‘पॅरिश’ शब्दाच्या मुळाशी परक्या ठिकाणी वस्ती करून राहण्याचा अर्थ आहे. मराठीने त्याचे सरळ गावच करून टाकले.

१५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट व डॉमिनिकन धर्मगुरू आले. परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज ही आडनावे वसईच्या घरांत आली ती याच संस्काराच्या वाटेने. वाडी, विहीर आणि बोली मात्र जुनीच राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली व पोर्तुगीज सत्ता गेली. ख्रिस्ती गावे राहिली. आज या भागासाठी १९९८ साली स्थापन झालेला वसई धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) आहे.

विधीची सुरुवात चर्चच्या दाराशी होते. धर्मगुरू आधी बाळाचे नाव विचारतात, मग आईबापांना चर्चकडून काय हवे ते. कपाळावर क्रुसाची खूण, छातीला तेल, त्यानंतर आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता यांच्याकडून सैतानाचा त्याग व श्रद्धेची कबुली. पाणी ओतताना पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घेतले जाते. ते वाक्य ‘मी’नेच सुरू व्हावे लागते. कोणी प्रेमाने ‘आम्ही’ म्हटले तर संस्कार होतच नाही, असा निर्वाळा व्हॅटिकनने २०२० मध्ये दिला, कारण तेथे धर्मगुरू स्वतःच्या किंवा जमलेल्या मंडळींच्या वतीने बोलत नसतो; त्याच्या तोंडचा ‘मी’ ख्रिस्ताचा असतो. पुढे माथ्यावर क्रिझ्मा हे पवित्र सुगंधी तेल, पांढरे वस्त्र, आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२–६५) हे लॅटिनमध्ये चाले. आता मराठीत होते, त्यामुळे सैतानाला नकार देताना आपण नक्की काय कबूल करतो आहोत हे आजीलाही कळते.

धर्मपालक, म्हणजे धर्मपिता किंवा धर्ममाता, किमान सोळा वर्षांचा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा पुढचा संस्कार) झालेला कॅथलिक असावा. एक पुरुष, एक स्त्री किंवा दोघे मिळून. प्रत्यक्षात निवड बहुधा नात्यातून होते. मामाला मान द्यायचा की काकाला, हा प्रश्न श्रद्धेच्या प्रश्नापेक्षा जास्त चर्चिला जातो, आणि ते समजण्यासारखे आहे. नावाबाबत १९१७ ची धर्मसंहिता (चर्चच्या कायद्याचे पुस्तक) संताच्या नावाचा आग्रह धरी. १९८३ ची संहिता नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे एवढेच म्हणते. मराठी नावांना त्यामुळे अडसर उरला नाही.

पूर्वी बाळंतपणात मुले दगावत, म्हणून संस्काराची घाई असे. जीव धोक्यात असेल तर सुईणही पाणी ओतू शकते; ती ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही, चर्च जे करते तेच करण्याचा हेतू तिने मनात धरला की पुरे. संस्काराविना गेलेल्या बाळाचे काय, हा आयांचा प्रश्न शतकानुशतके टोचत राहिला. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान (धर्मशास्त्र) आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरण्यास आधार आहे असे म्हटले. निश्चिती दिलेली नाही, तरी अनेक घरांना तेवढाही शब्द फार उशिरा मिळाला.

धर्मगुरूच्या रोजच्या कामात स्नानसंस्कार भेटतो तो मात्र वहीत. प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्काराची नोंदवही ठेवावी लागते. तीत बाळ, आईबाप, धर्मपालक, संस्कार देणारा, ठिकाण व तारीख लिहितात. समासात नंतरचे आयुष्य भरत जाते: दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा (धर्मगुरू होणे), संन्यस्त व्रत. मूल आईबापांच्या धर्मग्रामातच संस्कारित व्हावे असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे विरारला फ्लॅट घेतलेले किंवा आखातात नोकरी करणारे जोडपे गावच्या चर्चमध्ये ‘बाळाचे करायचे’ म्हणते, तेव्हा आपल्या राहत्या धर्मग्रामाचे संमतिपत्र आणावे लागते. चिडचिड होते, पण गाव सुटत नाही त्याचीही ही खूण आहे. फादर काही वर्षांनी बदलून जातात, वही तिथेच राहते. लग्न दुसरीकडे लागले तर तिथल्या धर्मगुरूने मूळ धर्मग्रामाला कळवायचे आणि इथे कोणीतरी जुने पान शोधून समासात दोन ओळी लिहायच्या. कळवायचे राहून गेले, तर वहीत तो माणूस अविवाहितच राहतो.