गोपनीयतेचा शिक्का मनातल्या मनात पुसला जात नाही

राष्ट्राध्यक्ष नुसता मनात विचार करूनही कागदाची गोपनीयता उठवू शकतात, असा दावा ट्रम्प यांनी २०२२ मध्ये केला होता. तो तपासू. अमेरिकेत गुप्त सरकारी कागदांवर तीन दर्जांचे शिक्के बसतात: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. ही व्यवस्था राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर चालते. ओबामांनी २००९ मध्ये काढलेला आदेश क्रमांक १३५२६ हा तिचा पाया. आदेश काढणाऱ्याला तो बदलताही येतो, म्हणून राष्ट्राध्यक्षांचा अधिकार खरोखरच मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एगन खटल्यात हा अधिकार त्यांच्या सरसेनापतिपदातून येतो असं म्हटलं, पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, वेगळी तरतूद केली नसेल तर, हेही सुचवून ठेवलं.

गोपनीयता उठवायची रीत साधी आहे. पहिल्या पानावरचा जुना शिक्का रेघ मारून खोडायचा, ‘डिक्लासिफाइड’ लिहायचं, कोणाच्या अधिकारात आणि कोणत्या तारखेला ते नोंदवायचं. हे राहिलं की घोळ होतो: एकाच अहवालाच्या प्रती चार खात्यांत असतात आणि प्रत्येक खातं आपली प्रत गुप्तच धरून चालतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीचे कागद पूर्ण खुले केल्याचं ट्विट केलं. नंतर त्यांच्याच चीफ ऑफ स्टाफने न्यायालयाला कळवलं की ते ट्विट म्हणजे आदेश नव्हता. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात न्यूयॉर्कमधल्या संघीय अपील न्यायालयाने म्हटलं होतं की राष्ट्राध्यक्षांनीही ठरलेली पद्धत पाळायलाच हवी. यावर कायदेतज्ज्ञांत वाद आहे, पण नोंदच नसेल तर पुरावा आणायचा कुठून?

खरी भिंत मात्र अणुमाहितीची. १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यानुसार अण्वस्त्रांची रचना, त्यांची निर्मिती, विखंडनक्षम पदार्थांचं (अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या युरेनियम-प्लुटोनियमसारख्या) उत्पादन ही माहिती जन्मतःच गुप्त असते. तिला कोणी शिक्का मारावा लागत नाही, आणि तिच्यावरचं बंधन राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नव्हे, कायद्याने आलेलं असतं. ते उठवायचा निर्णय ऊर्जा खात्याचा. माहिती प्रामुख्याने लष्करी वापराची असेल तर ऊर्जा आणि संरक्षण ही दोन्ही खाती मिळून ठरवतात. त्यांचं पटलं नाही, तरच कायदा तो प्रश्न राष्ट्राध्यक्षांपुढे नेतो. मंत्री त्यांच्या मर्जीवर असतो, त्यामुळे दबाव आणता येईल, पण ही पायरी कायद्यात लिहिलेलीच आहे. अण्वस्त्रांचा साठाही याच वर्गातला: ५,११३ हा आकडा मे २०१० मध्ये जाहीर झाला, तोवर तो गुप्त होता. गुप्त हेरांची ओळख उघड करण्याविरुद्धही १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आजच्या शिक्क्यांच्या व्यवस्थेपेक्षा जुना आहे, आणि त्याच्या ७९३ व्या कलमात ‘राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित माहिती’ असे शब्द आहेत. शिक्क्याचा उल्लेख नाही. पद सोडल्यावर असे कागद स्वतःकडे ठेवल्याबद्दल २०२३ मध्ये ट्रम्प यांच्यावर याच कलमाखाली ३२ आरोप ठेवले गेले. खटला चालवणाऱ्या विशेष सरकारी वकिलाची नेमणूकच अवैध ठरवून २०२४ मध्ये खटला रद्द झाला, त्यामुळे गोपनीयता उठवल्याच्या बचावाचा निकाल त्या खटल्यात लागलाच नाही.