रिक्रिएशनल थेरपी सहाय्यक व्हायचंय? नोंदणी, कागदपत्रं आणि देखरेख

पुण्यातल्या विशेष शाळा, डे-केअर सेंटर, व्यसनमुक्ती केंद्रं आणि वृद्धाश्रमांत खेळ, संगीत, चित्रकला किंवा बागकामातून रुग्णांबरोबर काम करणारे, म्हणजेच रिक्रिएशनल थेरपीचे, अनेक तरुण सहाय्यक आहेत. कामाला लागण्याआधी त्यांना एकच शंका असते: कोणतं सर्टिफिकेट लागेल? माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की आपल्या कामावर सही कोण करणार. सहाय्यकाचं काम थेरपिस्टच्या जबाबदारीखाली चालतं. तो थेरपिस्टच नोंदणीकृत नसेल, तर तुमचं सर्टिफिकेट कितीही चांगलं असलं तरी रुग्णाला संरक्षण मिळत नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात थेरपिस्ट आणि सहाय्यक यांचे परवाने वेगळे आहेत, आणि सहाय्यकाला परवानाधारक थेरपिस्टच्या देखरेखीखालीच काम करावं लागतं. आपल्याकडे 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत मूव्हमेंट थेरपिस्टबरोबर रिक्रिएशनल थेरपिस्टचाही उल्लेख आहे. याच कायद्यानुसार 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान 2000 तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं पदविका किंवा पदवी शिक्षण लागतं. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र या मोजमापात बसत नाही. प्रवेशाची फी भरण्याआधी अभ्यासक्रमाचे तास लेखी मागून घ्या.

दिव्यांग व्यक्तींबरोबर पुनर्वसनाचं काम करणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय महत्त्वाची. 1992 च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, पुनर्वसन समाजकार्यकर्ते अशा ठरावीक गटांना केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, नाव नोंदवावं लागतं. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विशेष शाळेत नोकरी मागायला गेलात की पहिल्याच भेटीत सीआरआर नंबर विचारतात.

अर्ज आरसीआयच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), अभ्यासक्रमाच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी किंवा पदविकेचं प्रमाणपत्र, आधार, फोटो आणि सही स्कॅन करून ठेवा. तुमची संस्था आणि तुमची बॅच, दोन्ही आरसीआयने मान्य केलेल्या असल्या पाहिजेत. संस्थेला मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. ही नोंदणी कायमची नसते. नूतनीकरणासाठी सीआरई म्हणजे नोंदणीनंतरही चालू राहणाऱ्या पुनर्वसन प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांचे गुण लागतात, म्हणून हजर राहिलात त्या प्रत्येक कार्यक्रमाचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

आता देखरेख करणाऱ्याची कागदपत्रं. ती मागताना संकोच करू नका. देखरेख करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक असेल तर त्याचा सीआरआर नंबर पडताळता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट मात्र आरसीआयच्या नोंदवहीत सापडणार नाहीत, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी वेगळी राज्य परिषद आहे, 2002 च्या स्वतंत्र कायद्याने झालेली. त्यांच्याकडे त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मानसिक आरोग्य केंद्रात काम असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार ते केंद्रसुद्धा नोंदणीकृत असायला हवं. त्या नोंदणीची प्रत दाखवा म्हणून सांगा.

नेमणुकीच्या पत्रात थेरपिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तुमच्या कामाची हद्द लिहून घ्या. सुरुवातीचं मूल्यमापन, उपचाराची उद्दिष्टं आणि त्यातले बदल हे थेरपिस्टचं काम. ठरलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी घेणं, रुग्ण कसा वागला ते लिहून ठेवणं आणि काही वेगळं दिसलं तर लगेच कळवणं हे तुमचं. रुग्ण मध्येच रडू लागला, पडला किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला, तर फोन कुणाला करायचा हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं. रोजच्या नोंदींवर थेरपिस्टची तारखेसह सही घ्या, महिनाअखेरीला एकगठ्ठा नको. मानसिक आजार असलेल्या रुग्णाला कायद्याने स्वतःचे वैद्यकीय रेकॉर्ड पाहण्याचा हक्क आहे, त्यामुळे त्याच्या हातात पडली तरी न्याय्य वाटेल अशीच नोंद लिहा.

थेरपिस्टने नोकरी सोडली तर पुढच्या देखरेखीची जबाबदारी कुणाकडे आहे ते व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. ते पत्र हातात येईपर्यंत नवा रुग्ण घेऊ नका आणि चालू रुग्णांच्या योजनेत स्वतःहून बदल करू नका.